न संपणारी तेलाची बरणी

दिवाळीनंतरचे दोन आठवडे सरकारी दवाखान्याची ओपीडी फराळाचा हिशेब मांडत असते. कुणाचे पित्त उसळलेले, कुणाची साखर चढलेली, कुणी चकल्या तळताना हात भाजून घेतलेला. अशाच एका सकाळी भोंगवलीच्या एक मावशी रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आल्या. वय साठीच्या आसपास. दंडाला पट्टा गुंडाळून पाहिले तर रक्तदाब 160 आणि 100. गोळ्या चुकवल्या नव्हत्या, म्हणून फराळाला काय काय केले होते ते विचारले. त्यांनी यादी सांगितली आणि उठता उठता खरे विचारायचे होते ते विचारले.

‘डाक्टर, तळणीचं तेल उरलंय दीडएक किलो. काळं पडलंय. सून म्हणती वतून टाका. पैशाची वस्तू अशी कशी वतायची वो?’

‘तेल कधीचं आहे?’

‘दिवाळीचंच की.’ मग जरा थांबून, ‘म्हंजी आधीचं थोडं व्हतं बरणीत. गौरीला करंज्या केल्या, त्यातलं. दसऱ्याला त्यातच एक पिशवी फोडली, दिवाळीला आणखी दोन.’

‘आणि गौरीच्या आधी?’

त्या हसल्या. गौरीच्या आधी आखाड तळला होता.

म्हणजे जुलैमध्ये कढईत पडलेले तेल नोव्हेंबरमध्येही बरणीत होतेच. चार महिन्यांत ते निदान दहा-बारा वेळा तापले असणार. दर वेळी त्यातले थोडे पदार्थाने शोषले, तेवढीच नवी भर पडली आणि बरणी पुन्हा मांडणीवर गेली. पांडवांची थाळी द्रौपदी जेवेपर्यंत तरी चाले, या बरणीला तेवढीही मर्यादा नाही. ती कधी रिकामी होतच नाही, त्यामुळे तिच्यातल्या तेलाचे वय कुणालाच सांगता येत नाही.

भोर तालुक्याच्या पूर्वेकडे, पुणे-सातारा महामार्गापासून आत असलेल्या या पट्ट्यात मी गेली काही वर्षे रुग्ण तपासतो आहे. अशा बरण्या मी बऱ्याच घरांत पाहिल्या आहेत. त्यामागची सवय मूर्खपणाची आहे असे मला कधी वाटले नाही. आमच्या आईच्या पिढीत तेल घाण्यावरून मोजून यायचे. तळण म्हणजे सणावारी, नाहीतर घरात कार्य असेल तेव्हा. चार-पाच वाट्या तेल उरले तर ते आठवडाभर भाजी-आमटीत संपून जाई. शेवटचा गाळ दिव्याला किंवा बैलगाडीच्या आसाला लागे. उरलेले तेल जपून ठेवणे तेव्हा शहाणपणाचेच होते. आता किराणा दुकानात एक लिटरची पिशवी कधीही मिळते, मुले शिरवळच्या कंपन्यांमधून रात्री घरी येतात आणि आठवड्यातून दोनदा तरी भजी, पापड, कुरडया नाहीतर नगेट्स तळले जातात. तळण वाढले, पण तेल जपण्याची सवय तीच राहिली. घोटाळा झाला आहे तो इथे.

कढईत काय घडते?

तळण साधारण 170 ते 190 अंश तापमानाला होते. त्या तापमानाला तेलावर तीन बाजूंनी हल्ला होतो. पहिला पाण्याचा. बटाटवडा किंवा पुरी तेलात सोडली की जो चर्र आवाज येतो तो पदार्थातल्या पाण्याची वाफ होतानाचा. ही वाफ तेलाचे रेणू फोडते आणि मेदाम्ले सुटी होतात. दुसरा हल्ला हवेतल्या प्राणवायूचा. त्याने तेल खवट होऊ लागते. तिसरा उष्णतेचा. तिच्यामुळे तुटलेले तुकडे एकमेकांना चिकटून मोठे, चिकट रेणू बनतात. जुने तेल काकवीसारखे दाट का होते आणि गॅसच्या शेगडीवर उडालेले थेंब वार्निशसारखे का चिकटून बसतात, याचे उत्तर यातच आहे.

या सगळ्या मोडतोडीतून जे पदार्थ तयार होतात त्यांना एकत्रितपणे ‘टोटल पोलर कंपाऊंड्स’ म्हणतात. तेल किती थकले आहे हे मोजण्याची ती जगभर वापरली जाणारी मोजपट्टी आहे. आपल्याकडे अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने (एफएसएसएआय) 1 जुलै 2018 पासून नियम लागू केला की, हे प्रमाण 25 टक्क्यांवर गेलेले तेल खाद्यपदार्थांसाठी वापरायचे नाही. हॉटेलांसाठी हे मोजायची हातात धरायची यंत्रे मिळतात. घरी ते शक्य नाही आणि तशी गरजही नाही. डोळे आणि नाक पुरतात. नेहमीच्या आचेवर तेल लवकर धूर सोडू लागले, पदार्थ सोडल्यावर बारीक फेस येऊन तो बसेना, झाऱ्यावरून तेल पाण्यासारखे न पडता तार धरू लागले, थंड झाल्यावर खवट किंवा रंगासारखा वास आला, तर ते तेल संपले असे समजावे. नुसत्या काळ्या रंगावर मात्र जाऊ नका. हळद-तिखट घातलेल्या भज्यांनी तेल एका घाण्यातही काळपट दिसते आणि साध्या पुऱ्यांचे तेल चार वेळा तापूनही फिके दिसू शकते.

सगळी तेले सारख्या वेगाने थकत नाहीत. सूर्यफूल, करडई, सोयाबीन ही तेले थंड असताना हृदयाला चांगली म्हणून आपण घेतो. पण त्यांच्यातली जी मेदाम्ले आपल्याला हवी असतात तीच उष्णतेला लवकर बळी पडतात. शेंगदाण्याचे तेल त्यामानाने तग धरते. कढई लोखंडाची असेल तर धातूमुळे तेल थोडे आणखी लवकर बिघडते, म्हणून तळण झाल्यावर तेल लोखंडी कढईत रात्रभर तसेच झाकून ठेवू नये. तळाशी राहिलेले बेसनाचे, पिठाचे जळके कण तर फारच वाईट, ते दर वेळी नव्याने जळतात.

आता त्या बरणीचे मुख्य दुखणे. ‘जुन्यात नवं घातलं की तेल सुधारतं,’ असे बहुतेक घरांत मानले जाते. खरे म्हणजे उलट होते. नव्या तेलाने जुने तेल पातळ होते, म्हणजे खराब भाग थोडा विरळ होतो इतकेच. पण जुन्यात तयार झालेले पेरॉक्साइडसारखे पदार्थ ताज्या तेलाच्या बिघाडाची गती वाढवतात. विरजणाचा दाखला द्यायचा तर चमचाभर आंबट दह्यात लिटरभर दूध घातले म्हणून दही गोड होत नाही, दुधाचेच दही होते.

रक्तदाबाचा संबंध किती?

मावशींना मी ‘तुमचा रक्तदाब या तेलामुळे वाढला’ असे सांगितले नाही. तसे ठामपणे सांगता येणार नाही. पंधरा दिवस चिवडा, शेव, लोणचे खाल्ल्यावर मीठच आधी संशयित ठरते. तरीही या विषयावर एक अभ्यास मला नेहमी आठवतो, कारण तो प्रयोगशाळेतला नसून एका गावातला आहे.

स्पेनच्या दक्षिणेला मालागा प्रांतात पिझारा नावाचे गाव आहे. तिथल्या संशोधकांनी लोकांच्या घरी जाऊन स्वयंपाकघरातल्या कढईतलेच तेल बाटलीत भरून आणले. असे पाचशेहून अधिक नमुने. तेल किती थकले आहे ते मोजले आणि त्या घरातल्या माणसांचा रक्तदाबही मोजला. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले की, ज्यांच्या कढईतले तेल जास्त बिघडलेले होते त्यांच्यात उच्च रक्तदाबाचे प्रमाण जास्त होते. ऑलिव्ह तेल वापरणाऱ्या घरांत तेल कमी बिघडलेले आढळले. यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही. जे तेल पुन:पुन्हा वापरतात त्यांच्या इतरही सवयी वेगळ्या असू शकतात. पण मलेशियातल्या संशोधकांनी उंदरांना अनेकदा तापवलेले पाम आणि सोयाबीन तेल खाऊ घातले तेव्हा त्यांचाही रक्तदाब वाढला आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींत दाह दिसला. दोन्ही धागे एकाच दिशेला जातात, एवढे म्हणता येईल. माझ्यासारख्या डॉक्टरला सावध करायला तेवढे पुरेसे आहे.

कर्करोगाबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर जे फिरते ते मात्र गाळून घ्यावे. एकदा तळलेल्या तेलाची फोडणी खाल्ल्याने कुणाला कर्करोग होत नाही. काळजी करायचीच तर धुराची करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने उच्च तापमानाच्या तळणातून निघणाऱ्या धुराला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवले आहे. थकलेले तेल कमी तापमानालाच धूर सोडते, म्हणजे तळणाऱ्या बाईच्या छातीत तो अधिक जातो. डोळे चुरचुरणे, घसा धरणे, दमेकऱ्याला ढास लागणे यामागे अ‍ॅक्रोलीन नावाचा वायू असतो, तो या धुरातलाच. फराळ करणाऱ्या बाईला चार दिवस खोकला येतो आणि घरचे म्हणतात ‘थंडी लागली’. खिडकी उघडी ठेवा, धूर येऊ लागताच आच कमी करा, आणि तळणाचे काम एकटीवर टाकू नका, हे मी औषधाच्या चिठ्ठीबरोबरच सांगतो.

ट्रान्स फॅटचाही एक गैरसमज आहे. घरच्या तेलात तळण्याने ट्रान्स फॅट वाढते, पण किंचित. त्याचा मोठा साठा पूर्वी वनस्पती तुपात असे. आता देशात तेला-तुपातले त्याचे प्रमाण जानेवारी 2022 पासून 2 टक्क्यांवर आणले आहे. खारी-बिस्किटांच्या बाबतीत ही चिंता अजून संपलेली नाही, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

मग किती वेळा वापरायचे?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये भारतीयांसाठी आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यातला सल्ला मला पटतो. एकदा तळायला वापरलेले तेल गाळून भाजी-आमटीला वापरता येईल. त्याच तेलात पुन्हा तळणे टाळावे. आणि ते साठवून न ठेवता एक-दोन दिवसांत संपवावे. आपल्या घरांत नेमके याच्या उलट चालते. ताजे तेल फोडणीला आणि जुने तळणाला. ‘तळणाचं तेल वेगळं’ म्हणून ते महिनोन् महिने फिरत राहते.

हा सल्ला पाळायचा तर युक्ती तेल ओतताना करावी लागते. उरलेल्या तेलाचे काय करू, हा प्रश्न येतो तोवर उशीर झालेला असतो. पापड-कुरडयांना किंवा पाच-सहा पुऱ्यांना मोठी पसरट कढई आणि लिटरभर तेल लागत नाही. लहान, खोलगट कढईत दोन वाट्या तेलात एकेक पुरी छान फुगते. पसरट कढईत हवेशी संपर्क जास्त येतो, तेल जास्त लागते आणि जास्त उरतेही. शेवटच्या घाण्यापर्यंत वाटी-दीड वाटी तेल राहील असा अंदाज बांधता येतो. मावशींच्या वयाच्या बायकांना तर डोळे झाकून येतो. वाटीभर उरलेले तेल दोन दिवसांच्या भाजीत सहज जिरते. दीड किलो जिरत नाही, आणि जिरवण्याच्या हट्टाने दीड किलो तेल घरातल्या पाच माणसांच्या पोटात घालणे हीही काही बचत नव्हे.

फराळासारख्या मोठ्या तळणाला क्रम लावता येतो. आधी शंकरपाळी, करंज्या यांसारखे कण न सोडणारे पदार्थ, मग चकली, शेवटी तिखट-हळदीची शेव किंवा भजी. अनारशांचे तूप वेगळेच ठेवावे. सगळे एकाच दिवशी उरकले तर तेल तापून गार होण्याचे फेरे कमी होतात. तळण थांबताच गॅस बंद करा, ‘पुढचा घाणा लाटेपर्यंत’ तेल उकळत ठेवू नका. पूर्ण गार झाल्यावर, म्हणजे दोन-तीन तासांनी, सुती फडक्यातून गाळा. तळाचा गाळ बरणीत जाऊ देऊ नका. काचेच्या किंवा स्टीलच्या, घट्ट झाकणाच्या भांड्यात अंधारात ठेवा, शक्य असेल तर फ्रिजमध्ये. मासे तळलेले तेल त्यात मिसळू नका. आणि भांड्यावर तारीख लिहा. औषधाच्या बाटलीवर असते तशी. तारीख लिहिली की निम्मा प्रश्न सुटतो, कारण मग ‘हे कधीचं’ याला उत्तर असते.

मोरीत ओतले तर

सुनेचे ‘ओतून टाका’ हे म्हणणे तेल खाण्यापुरते बरोबर, पण कुठे ओतायचे?

बहुतेकजण मोरीत ओततात आणि वर गरम पाणी सोडतात. डोळ्यांसमोरून जाते म्हणून ते गेले असे वाटते. पण पाणी गार झाले की तेल पाइपाच्या आतल्या बाजूला बसते, त्यावर भाताची शिते, चहाची पूड, केस चिकटत जातात. साबण-पावडरीतला क्षार आणि सिमेंटमधला कॅल्शियम यांच्याशी सुटी मेदाम्ले मिळून साबणासारखा घट्ट थर होतो. 2017 मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या गटारात अशाच प्रक्रियेतून तयार झालेला 250 मीटर लांब आणि सुमारे 130 टन वजनाचा गोळा सापडला होता. तो फोडून काढायला कामगारांना कित्येक आठवडे लागले.

भोंगवलीत लंडनसारखी गटारे नाहीत. इथे सांडपाणी उघड्या गटारात, परसबागेत किंवा शोषखड्ड्यात जाते. पण शोषखड्ड्याचे नुकसान उलट लवकर होते. खड्ड्यातले दगड, विटांचे तुकडे, वाळू यांच्या फटींतून पाणी मुरले पाहिजे. तेलाचा थर बसला की फटी बुजतात, खड्डा ‘मरतो’ आणि पाणी वर साचू लागते. साचलेल्या घाण पाण्यात क्युलेक्स डास वाढतात. डेंगीचा डास वेगळा, तो घरातल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, त्यामुळे डेंगीचे खापर या खड्ड्यावर फोडता येणार नाही. पण रात्रभर चावणारे डास, दुर्गंधी, त्या पाण्यातून चालणारी उघड्या पायांची मुले आणि मग पायाच्या बोटांमधल्या चिखल्या, हे सगळे मी पाहतो. शौचालयाच्या टाकीत तेल ओतले तर आतले काम बिघडून टाकी लवकर भरते. थेट ओढ्यात ओतले तर पाण्यावर तवंग पसरून हवा खाली जात नाही. आपल्याकडचे सगळे ओढे शेवटी नीरेलाच मिळतात.

थोडे तेल असेल, म्हणजे वाटी-दोन वाट्या, तर सर्वांत सोपी वाट चुलीच्या राखेची. पूर्ण गार झालेले तेल कोरड्या राखेत, लाकडाच्या भुशात किंवा जुन्या वर्तमानपत्राच्या बोळ्यांत जिरवायचे आणि कचऱ्यात टाकायचे. (हा लेख छापलेला कागदही चालेल, मला राग नाही.) राख तेल चांगले धरते, शिवाय तिच्यातल्या क्षाराने तेलकटपणा तुटतो. आपल्या आज्या राखेने भांडी घासत त्यात हे रसायनशास्त्र होतेच. फक्त तेलाने भिजलेल्या कागदांचा किंवा फडक्यांचा ढीग बंद पिशवीत, ऊन किंवा चुलीजवळ ठेवू नका. तेल हवेशी संयोग पावताना उष्णता सोडते, ती बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर ढीग आपोआप पेटू शकतो. कढई घासायच्या आधी ती कागदाने पुसून घेतली तरी मोरीत जाणारे बरेचसे तेल वाचते. कंपोस्टच्या खड्ड्यात चमचा-दोन चमचे चालून जातील, पण जास्त झाले की हवा कोंडते आणि घुशी-कुत्री उकरायला येतात.

घरगुती उपयोग, खरे आणि खोटे

‘पणतीला वापरू का?’ हा प्रश्न हमखास येतो. अंगणातल्या पणतीला वापरा. देवघरात, बंद खोलीत नको, कारण थकलेले तेल जास्त काजळी आणि धूर सोडते. बंब पेटवायला एखादा तेलकट कागद चालेल. पेटत्या जाळावर वरून तेल ओतणे मात्र कधीच नको, ज्वाला उलटी हातापर्यंत येते.

विळा-कोयत्याला गंज लागू नये म्हणून हे तेल फासतात. चार दिवसांसाठी ठीक. पण सूर्यफूल, करडईसारखी तेले हवेत सुकून चिकट पापुद्रा धरतात. म्हणून बिजागरी, शिलाई मशीन, सायकलची साखळी यांना ते वंगण म्हणून घालू नका. महिन्याभरात सगळे जाम होईल. जनावरांच्या आंबोणात ओतण्याआधी पशुवैद्यकाला विचारा. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात तेल जास्त झाले की वैरण पचवण्याचे काम मंदावते.

साबणाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण त्याचे व्हिडिओ आता घराघरांत पोहोचले आहेत. जुन्या तेलापासून भांड्यांचा साबण होतो हे खरे आहे. त्याला कॉस्टिक सोडा लागतो, आणि माझा आक्षेप त्याच्यावर आहे. कॉस्टिकच्या पांढऱ्या पाकळ्या साखरेसारख्या दिसतात, तयार द्रावण पाण्यासारखे दिसते. लहान मुलाने एक घोट घेतला तर अन्ननलिका आतून भाजते, आणि बरे झाल्यावरही ती आकसून मुलाला पुढे वर्षानुवर्षे गिळायला त्रास होतो. असे मूल एकदा पाहिलेला डॉक्टर कॉस्टिकची पुडी स्वयंपाकघरात ठेवा असे कुणालाही सांगणार नाही. तरी कधी असे घडलेच तर उलटी करवू नका, लिंबू-व्हिनेगर पाजू नका, तोंड धुऊन लगेच दवाखाना गाठा. बचत गटाला साबण करायचाच असेल तर लहान मुले नसलेल्या जागी, मोकळ्या हवेत, हातमोजे आणि चष्मा घालून, वजनकाट्यावर मोजून करावा. कॉस्टिक पाण्यात टाकावा, पाणी कॉस्टिकवर ओतू नये. अ‍ॅल्युमिनियमचे भांडे वापरू नये. अंदाजपंचे केलेल्या साबणात सुटा कॉस्टिक राहतो आणि भांडी घासणाऱ्या हातांची साल निघते. तशा हातांच्या बायका मी तपासल्या आहेत.

आणि भाजणे. दिवाळीत फटाक्यांनी भाजल्याच्या बातम्या येतात, कढईने भाजल्याच्या येत नाहीत. तळण संपल्यावर तेल गरम असतानाच गाळायची घाई, कढई उचलून मोरीकडे नेणे, गरम तेल प्लॅस्टिकच्या बाटलीत ओतणे आणि बाटली वितळून ते पायावर सांडणे, असे प्रसंग दर वर्षी येतात. तेल पाण्यापेक्षा कितीतरी जास्त तापलेले असते आणि त्वचेला चिकटून राहते. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका. कढईतले तेल पेटले तर गॅस बंद करून मोठे झाकण किंवा परात सरळ वर ठेवा. पाणी मारलेत तर भडका छतापर्यंत जाईल.

हे तेल डिझेल होऊ शकते

तेलाचे शेवटी काही चांगले होते का? होते. मिथेनॉल आणि क्षार यांच्या साह्याने त्याचे बायोडिझेल करता येते. सोबत ग्लिसरीन मिळते. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते, त्यामुळे कल्पना जुनीच आहे. पण प्रक्रिया न करता कढईतले तेल ट्रॅक्टरच्या टाकीत ओतू नका, दाटपणामुळे इंजिन खराब होईल. 10 ऑगस्ट 2018 रोजी एफएसएसएआयने ‘रुको’ ही मोहीम सुरू केली, ती हे तेल गोळा करून इंधनाकडे वळवण्यासाठी. 1 मार्च 2019 पासून दिवसाला 50 लिटरहून अधिक तेल वापरणाऱ्या खाद्यव्यावसायिकांनी तेलाची नोंद ठेवावी आणि ते नोंदणीकृत गोळा करणाऱ्यालाच द्यावे, असा नियम आहे.

नियम चांगला आहे, पण 50 लिटरच्या आतले सगळे त्यातून सुटतात. महामार्गावरच्या लहान टपऱ्या सुटतात, तुमचे-माझे घर तर सुटतेच. आणि सुटलेले तेल नेहमी गटारातच जाते असे नाही. मोठ्या कढईतले काळे तेल स्वस्तात विकले जाऊन लहान गाड्यांवर पुन्हा तापते, हे उघड गुपित आहे. म्हणून घरचे तेल भंगारवाल्याला किंवा ओळखीच्या गाडीवाल्याला ‘घेऊन जा’ म्हणून देऊ नका. ते तुमच्याच मुलाच्या वडापावातून परत येऊ शकते. पुण्यासारख्या शहरात हे तेल गोळा करणारे आहेत, सोसायट्यांनी त्यांच्याशी बोलून एक पिंप ठेवता येईल. गावात घराघरातून वाटीभर तेल नेण्यासाठी कुणाची गाडी येणार नाही. पण लग्नकार्य, हरिनाम सप्ताह, यात्रेचा भंडारा अशा वेळी आचाऱ्याकडे एकदम वीस-तीस लिटर तेल उरते. ते कुठे जाते, हे ग्रामपंचायतीने एकदा विचारावे. एक झाकणाचा डबा, त्यावर ‘खाण्यासाठी नाही’ अशी चिठ्ठी, आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुण्याला जाणारी कुणाची तरी गाडी, एवढ्यावर ते जमण्यासारखे आहे. आचाऱ्याने ते पुढच्या लग्नाला नेऊ नये, हा त्यातला मोठा फायदा.

मावशींना मी त्या सकाळी एवढे सगळे सांगितले नाही, रांग दाराबाहेर गेली होती. एवढेच म्हणालो की, तेल राखेत जिरवा आणि बरणी घासून उन्हात वाळवा. त्यांना ते पटले नाही हे चेहऱ्यावर दिसत होते.

महिन्याने गोळ्या न्यायला आल्या तेव्हा रक्तदाब 140 आणि 90 होता. फराळ संपला होता आणि मीही एक गोळी वाढवली होती, त्यामुळे श्रेय कुणाचे ते सांगता येणार नाही. तेलाचे काय केले, विचारले.

‘सुनेनं जिरवलं राखंत. मी तिकडं बघितलंच न्हाई.’

‘आणि बरणी?’

‘तिच्यात खडेमीठ भरलंय,’ त्या म्हणाल्या, आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहून लगेच, ‘लोणच्यासाठी वो. लेकीला द्यायचंय.’